उत्कर्ष मोजावा कशाने?

(मंडळाच्या वार्षिक अधिवेशनात केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी ह्या अधिवेशनात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि छत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुलांना बाराखडी व पाढे शिकविलेले एक सेवानिवृत्त शिक्षक. अर्थशास्त्रासारख्या गहन विषयावर अधिकारवाणीने बोलावे अशी आमची योग्यता नाही. तथापि मोजणे हा शिक्षकाचा नित्याचा व्यवसाय होय. त्याने हजेरी मोजावी, गुण मोजावे, वर्षअखेर निकालाची टक्केवारी काढावी. हजेरीपटावर चाळीस नावे असूनही वर्गात पंचवीसच मुले का बसतात, ह्याचा शोध ज्याला घ्यावा लागतो, त्याला मोजमापाचे महत्त्व आणि मोजमापाची मर्यादा ही दोन्ही कळतात. एवढ्याच बळावर आज आम्ही आपणांपुढे उभे आहो.

आताच चिटणीसांनी वार्षिक अहवाल वाचून दाखविला. सभागृहाच्या निधीत किती भर पडली, समाजातील किती मुले पदवीधर झाली, किती जणांना सरकारी नोकरी लागली, कोणकोणत्या सद्गृहस्थांनी देणग्या दिल्या, हे सर्व ऐकून आपणां सर्वांप्रमाणे आम्हांसही आनंद झाला. ज्यांचे गौरव झाले ते गौरवास पात्रच आहेत. परंतु अहवाल ऐकत असता एक प्रश्न आमच्या मनात आला, तो आम्ही आपणांपुढे ठेवू इच्छितो. ह्या अहवालावरून आपला समाज पुढे गेला असे आपण म्हणतो, ते कोणत्या मापाने म्हणतो? आणि ते माप पुरे आहे काय?

आपण झाडीपट्टीतली धानाची माणसे. कुडव, पायली आणि खंडी ही मापे आपल्या वाडवडिलांच्या बोटांवर होती. खळ्यावर रास पडली की ती मापून घ्यावी, आणि मापणारा हात सच्चा असावा, ह्याबद्दल ते फार दक्ष असत. परंतु पायलीने धान मापतात. पायलीने तलावातले पाणी मापावे किंवा बाळंतिणीची प्रकृती मापावी असे कोणी म्हटले नाही. प्रत्येक वस्तूस तिचे माप असते, हे त्यांना ठाऊक होते. आज मात्र सबंध देशाचे, जिल्ह्याचे आणि समाजाचे बरेवाईट एकाच मापाने मोजण्याची प्रथा पडली आहे. ते माप म्हणजे उत्पन्न.

राष्ट्राचे उत्पन्न म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. एका वर्षात देशात जो माल निर्माण झाला व ज्या सेवा दिल्या गेल्या, त्यांच्या किमतीची बेरीज म्हणजे स्थूल देशांतर्गत उत्पादन. ही बेरीज उपयोगी आहे, ह्यात शंका नाही. परंतु ती केवळ बेरीज आहे. खाणीतून कोळसा निघाला की त्याची किंमत तीत मिळविली जाते, पण पृथ्वीच्या पोटातला तेवढा कोळसा कायमचा संपला, ही वजाबाकी होत नाही. कोळशाच्या धुळीने खोकला जडला आणि माणूस दवाखान्यात गेला, तर दवाखान्याचे बिलही बेरजेतच जाते. दारूच्या दुकानाची विक्री बेरजेत जाते, आणि त्या दारूपायी मोडलेल्या संसाराचा कोर्टखर्चही बेरजेतच जातो. उलट घरातल्या सुनेने पहाटेपासून रात्रीपर्यंत केलेला स्वयंपाक, सासूची केलेली शुश्रूषा, लेकरांना लावलेले वळण ह्यांची नोंद त्या हिशेबात कोठेही नाही. ज्या अर्थशास्त्रज्ञाने हा हिशेब मांडण्यात अग्रभाग घेतला, त्या सायमन कुझनेट्स ह्यांनी १९३४ साली अमेरिकेच्या सिनेटपुढे आपला अहवाल ठेवताना स्वतःच इशारा दिला होता की, उत्पन्नाच्या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचे अनुमान काढू नये. इशारा मागे पडला आणि आकडा तेवढा राहिला.

आणखी एक गोष्ट सरासरीची. गावात दहा घरे आहेत. एका घरी शंभर खंडी धान झाले आणि नऊ घरी काहीच झाले नाही, तरी सरासरीने प्रत्येक घरी दहा खंडी धान झाले असे कागद म्हणतो. कागद खोटे बोलत नाही, पण त्या सरासरीने नऊ घरांची चूल पेटत नाही.

आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे पाहू. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. एकाच मातेची ही दोन लेकरे. चंद्रपूरकडे कोळसा, सिमेंट, कागद आणि वीज. तेथील महाऔष्णिक विद्युत केंद्राची क्षमता आज २९२० मेगावॅट आहे. महाराष्ट्रातल्या दूरदूरच्या शहरांतले दिवे आपल्या कोळशावर जळतात. उत्पन्नाच्या मापाने चंद्रपूर हे भाग्यवान भावंड ठरते. परंतु केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांची पाहणी करून प्रदूषणाचा निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूरचा आकडा ८३.८८ निघाला आणि साऱ्या देशात चंद्रपूर चौथे आले. कारखानदारीचे उत्पन्न आणि छातीतला धूर ही एकाच चिमणीतून निघतात, पण पहिल्याची नोंद एका वहीत होते आणि दुसऱ्याची दुसऱ्या वहीत, आणि दोन्ही वह्या एकत्र उघडून पाहण्याचे आपणांस सुचत नाही.

आणि गडचिरोली? क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, त्यातला सुमारे तीनचतुर्थांश भाग जंगल, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या १० लाख ७३ हजारांच्या आसपास. २००२ साली महाराष्ट्राचा पहिला मानव विकास अहवाल प्रसिद्ध झाला. आयुष्यमान, शिक्षण आणि उत्पन्न ह्यांवरून केलेल्या त्या क्रमवारीत ३५ जिल्ह्यांत गडचिरोली सर्वांत शेवटी होता. मुंबईचा अंक १.०० आणि गडचिरोलीचा ०.२१. तेव्हापासून मागास म्हटले की गडचिरोलीचे नाव घ्यावे असा प्रघात पडला.

परंतु बंधूंनो, आता दुसरे माप लावून पाहा. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वर्षे वयाच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात ८९४ मुली होत्या. उसाने व साखर कारखान्यांनी समृद्ध अशा कोल्हापुरात ८६३ होत्या. बीडमध्ये ८०७ होत्या. आणि आपल्या मागास गडचिरोलीत ९६१ होत्या, म्हणजे साऱ्या राज्यात सर्वाधिक. ज्या जिल्ह्याला आपण शेवटच्या बाकावर बसविले, तो मुलीला जगू देण्याच्या परीक्षेत पहिला आला. ह्याचा अर्थ पहिले माप खोटे असा नव्हे. गडचिरोलीतल्या स्त्रियांची साक्षरता त्याच जनगणनेत ६६ टक्क्यांच्याच घरात होती, हेही तितकेच खरे. अर्थ एवढाच की एका मापाने माणसाची किंवा जिल्ह्याची उंची कळते, पण त्याचे वजन कळत नाही.

ही जाणीव जगातही उशिराच झाली. १९९० साली पाकिस्तानचे महबूब उल हक आणि आपले अमर्त्य सेन ह्यांच्या विचारांतून संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास अहवाल निघाला व उत्पन्नाच्या जोडीला आयुष्य आणि ज्ञान ह्यांना स्थान मिळाले. आपल्या शेजारच्या भूतान देशाचे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक ह्यांनी १९७० च्या दशकातच राष्ट्राच्या उत्पादनापेक्षा राष्ट्राचे सुख महत्त्वाचे मानले. पुढे २००८ च्या संविधानात त्या देशाने ते ध्येय लिहून घेतले, आणि वेळेचा विनियोग, शेजारधर्म, संस्कृती, मनाचे स्वास्थ्य अशी ९ क्षेत्रे व ३३ निर्देशक ठरवून लोकांच्या पाहण्या केल्या. आपल्या सरकारनेही २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम काढला व त्यात गडचिरोलीचा समावेश केला. त्यात ४९ निर्देशकांवर जिल्ह्याची प्रगती तपासली जाते, आणि आरोग्य व पोषण ह्यांना ३० टक्के, तसेच शिक्षणाला ३० टक्के भार दिला आहे. म्हणजे जे आम्ही येथे बोलत आहो ते काही जगावेगळे नव्हे.

परंतु दिल्लीची व भूतानची साक्ष काढण्याची आपणांस गरज नाही. मोजण्याने काय होते, ह्याचा धडा आपल्याच मातीने साऱ्या देशाला दिलेला आहे.

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हे दांपत्य १९८६ साली गडचिरोलीत आले. राणीताईंनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १०० पैकी ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी ज्यांची तपासणी झालेली होती अशा १०० पैकी केवळ ८. विचार करा. ह्या स्त्रिया रोवणीला जात होत्या, पाणी भरत होत्या, जेवण वाढत होत्या. घरातल्या पुरुषाला विचारले असते तर तो म्हणाला असता की, घरी सर्व ठीक आहे. सरकारी कागदही तेच म्हणत होता. दुखणे होते, पण ते मोजलेले नव्हते, म्हणून ते नव्हतेच.

पुढे ह्याच दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांची काळजी घरीच घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकविले. ज्या सुइणींना साठापर्यंत आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मणी सरकवून बाळाचे श्वास मोजण्याचे साधे साधन बनविले. एका मिनिटात श्वास अधिक झाले की न्यूमोनियाची शंका घ्यावी व औषध द्यावे. १९९३ च्या सुमारास त्या गावांत जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी सुमारे ६२ पहिल्या महिन्यातच दगावत. १९९८ पर्यंत तो आकडा २५ च्या आसपास आला. १९९९ साली हे जगापुढे आले, आणि पुढे केंद्र सरकारने हीच पद्धती आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली. त्याच सुमारास राज्यातल्या अनेक संस्थांनी मिळून बालमृत्यूंची स्वतंत्र मोजणी केली, तेव्हा सरकारी नोंदीत दिसणाऱ्या मृत्यूंपेक्षा प्रत्यक्षातले मृत्यू कितीतरी पटींनी अधिक असल्याचे उघडकीस आले. आकडे दडविले जात होते तोवर उपाय सुचत नव्हता. ज्या दिवशी आकडा उघडा झाला, त्या दिवसापासून लेकरे वाचू लागली.

येथे एका म्हणीचा विचार केला पाहिजे. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असे आपण म्हणतो, आणि समाजाच्या बाबतीत ती मूठ आपण फार घट्ट धरतो. परंतु ज्या मुठीत लेकराचा जीव आहे ती मूठ झाकून ठेवणे हा शहाणपणा नव्हे.

दारूची गोष्ट अशीच. गडचिरोलीतल्या लोकांनी, विशेषतः स्त्रियांनी, १९८० च्या दशकाच्या अखेरीस दारूमुक्तीचे आंदोलन उभारले, त्यावेळी त्यांनी प्रथम हिशेब केला. जिल्ह्याच्या विकासासाठी सरकार वर्षाला जेवढा पैसा देई, त्याहून अधिक पैसा लोक दारूवर घालवीत होते. तो हिशेब गावोगाव गेला आणि १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. डिसेंबर २०१० मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या भगिनी चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेल्या. एप्रिल २०१५ पासून चंद्रपुरातही दारूबंदी लागू झाली, आणि मे २०२१ मध्ये ती उठविण्याचा निर्णय झाला. बंदी असताना चोरटी दारू वाहत होती, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि सरकारने दिलेल्या कारणांत ते एक कारण होतेच. परंतु बुडालेल्या महसुलाचा आकडा रुपया-पैशांपर्यंत सर्वांना सांगता येत होता. किती घरांत त्या सहा वर्षांत संध्याकाळी भांडण झाले नाही, ह्याचा आकडा कोणापाशीच नव्हता. ज्या बाजूस आकडा असतो ती बाजू सभेत जिंकते. म्हणून ज्यांना शांतता हवी आहे त्यांनी शांततेचाही हिशेब ठेवावयास शिकले पाहिजे.

आता आम्ही आपणांस एका गावाची हकीगत सांगतो. चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव नावाचे लहानसे गाव आहे. वनहक्क कायद्यान्वये २०१२ साली ह्या गावाच्या ग्रामसभेस सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू विकून गावाला चांगले उत्पन्न होऊ लागले. तेंदूच्या पानांचेही उत्पन्न मिळाले असते. उन्हाळ्याच्या तोंडी तेंदूपत्ता म्हणजे ह्या भागात रोख पैसा, हे आपणांस सांगावयास नको. परंतु ग्रामस्थांनी बसून विचार केला. पान चांगले यावे म्हणून झाडाची छाटणी होते, जंगलात आग लावली जाते, झाड फळावर येत नाही. तेंदूचे फळ पाखरांना हवे, लेकरांनाही हवे. तेव्हा त्यांनी तेंदूपत्ता तोडणे बंद केले. त्याशिवाय जंगलाचा काही भाग हात न लावता राखून ठेवला, आणि आपल्या वहिवाटीचे शंभराहून अधिक नियम स्वतः लिहून काढले.

उत्पन्नाच्या वहीत ह्या गावाने नुकसान केले. पण ग्रामस्थांची वही निराळी होती. तीत पाखरे होती, वणवा होता, नातवंडे होती. ज्या माणसांना आपण अडाणी समजतो त्यांनी मिळणारा पैसा समोर दिसत असता तो सोडला. कशासाठी सोडतो हे त्यांना ठाऊक होते. बंधूंनो, समाजाची प्रौढता जर कशाने मोजावयाची असेल, तर आमच्या मते ती येथे मोजावी: काय मिळविले ह्याइतकेच, काय मिळत असता नको म्हटले ह्यावरून.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा गावाचे नाव तर आपण सर्वांनी ऐकले आहे. ‘दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्या गावची. शंभराच्या आसपास घरांच्या ह्या गोंडांच्या गावास २००९ साली सुमारे १,८०९ हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश ह्यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. आम्हांस त्या गावाची जी रीत विशेष वाटते ती निराळीच. तेथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांच्या सहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल तर चर्चा चालूच राहते. आणि निर्णयापूर्वी अभ्यास व्हावा म्हणून गावात अभ्यासगट बसतो. आपल्या मंडळाच्या सभेत हात वर करून पाच मिनिटांत ठराव मंजूर होतात. मेंढ्याचे माप लावले तर आपण किती गुण मिळवू?

आपण त्यांच्याकडून शिकावे यात कमीपणा नाही, कारण आपल्याही पूर्वजांपाशी अशी वही होती. आपला कोहळी समाज तलाव बांधणारा समाज. चांद्याच्या गोंड राजाने काशीहून आपले पूर्वज आणिले अशी परंपरा सांगतात. जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याखालची जमीन, असा त्या राजांचा दंडक होता असेही सांगतात. नवेगाव बांधचा विस्तीर्ण जलाशय बांधणाऱ्या कोलू पाटील कोहळी ह्यांचे नाव तर आजही घेतले जाते. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव उभे राहिले. ज्यांनी ते बांधले ते श्रीमंत होते की नव्हते, कोणास ठाऊक. त्यांची मोठाई लोक घरावरून मोजत नव्हते, पाळीच्या उंचीवरून मोजीत होते. शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचले की पाटील थोर. पाणी वाटणारा पाणकर सर्वांनी मिळून नेमलेला, आणि पाण्याच्या पाळीत लहानमोठा भेद नाही. तलावात ढिवर बंधूंच्या जाळ्याला मासा, काठावर गुरांना पाणी, गाळपेरात गरिबाला भाजी.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली. ते योग्यच झाले. एका माणसाच्या हाती गाव असावे हे न्यायाचे नव्हे. परंतु मालगुजारीबरोबर तलावांवरची गावाची मायाही गेली. तलाव सरकारजमा झाले, आणि जे सर्वांचे ते कोणाचेच नाही असे झाले. गाळ साचला, बेशरमाच्या झुडपांनी काठ व्यापले, पाळीवर अतिक्रमणे झाली. त्याच काळात आपल्यांपैकी अनेकांच्या घरी बोअरवेल आली, ट्रॅक्टर आला, सिमेंटचे घर आले. प्रत्येक घर पुढे गेले आणि सर्वांचा तलाव मागे पडला. आपल्या अहवालात ट्रॅक्टर दिसतो. तलाव कोठे दिसतो?

येथे कोणी म्हणेल, गुरुजी, हा सर्व पोट भरलेल्या माणसाचा वेदांत झाला. पैसा नको काय? हा आक्षेप खरा आहे आणि त्यास उत्तर दिलेच पाहिजे. पैसा हवा. गरिबी हे भूषण आहे असे आम्ही कदापि म्हणणार नाही. धान कापून झाले की ह्या भागातील मजूर कुटुंबे मिरची तोडण्यासाठी तेलंगणाकडे जातात. शाळेत शिक्षक असताना आम्ही पाहिले आहे की, त्यांच्याबरोबर त्यांची मुलेही जातात, आणि परत येतात तेव्हा बेरीज-वजाबाकी विसरलेली असतात. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि अडलेल्या बाळंतिणीला पूल हवा असतो, प्रवचन नव्हे. सुरजागडच्या टेकडीवर २०२१ पासून लोहखनिजाचे काम मोठ्या प्रमाणावर चालू झाले आहे. त्याने गडचिरोलीच्या उत्पन्नाचा आकडा वाढेल, आणि कित्येक तरुणांना कामही मिळेल. ते मिळावे. आमचे म्हणणे एवढेच की, आकडा वाढला म्हणून आपण तपास थांबवू नये. त्या कामाने कोणाच्या घरी भाकर आली, कोणाच्या शेतावर धूळ आली, शाळेतली हजेरी वाढली की घटली, नदीचे पाणी कोणत्या रंगाचे झाले, हे विचारण्याचा हक्क आपण सोडू नये. पैसा हे साधन आहे. कुडव म्हणजे धान नव्हे, तद्वत उत्पन्न म्हणजे कल्याण नव्हे.

आणि सुखाचेही एक अंग आहे, ते विसरून चालणार नाही. आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर शंकरपट व नाटके सुरू होतात. वडशाहून नाटकमंडळ्या गावोगाव जातात. गावात नाटक आहे म्हटले की लेकी माहेरी येतात, सोयरीकी जुळतात, रुसलेले भाऊ एका मांडवात बसतात. ह्या रंगभूमीची आयुष्यभर सेवा केलेल्या परशुराम खुणे ह्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तो मान साऱ्या झाडीचा झाला. थंडीत रात्रभर हजारो माणसे एकत्र बसून हसतात व रडतात, ह्याची किंमत कोणत्या बेरजेत धरावी? तिकिटाचे पैसे धरता येतील. रुसलेले भाऊ बोलू लागले, ते कोठे धरावे?

असो. केवळ तक्रार करून थांबणे शिक्षकाला शोभत नाही. त्याने प्रश्नपत्रिकाही द्यावी. यास्तव आम्ही मंडळापुढे नम्रपणे एक सूचना ठेवतो. पुढील वर्षीच्या अहवालात जमाखर्चाच्या पानानंतर आणखी एक पान असावे. त्यावर सात रकाने असावेत. नावे कोणाचीही नकोत, केवळ गावनिहाय आकडे.

पहिला रकाना: वर्षात आपल्या कुटुंबांत किती बालके जन्मली, त्यांत मुली किती, आणि वर्षाच्या आत दगावलेली किती. दुसरा: दहावीनंतर किती मुलींचे शिक्षण चालू राहिले, आणि विवाहाच्या वेळी त्यांचे वय काय होते. तिसरा: विवाहापूर्वी किती वधूवरांनी सिकलसेलची रक्ततपासणी केली. हा रोग विदर्भात मोठ्या प्रमाणावर आहे, आणि आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्यास चारांत एक इतका धोका असतो. पत्रिका जुळविणाऱ्यांनी रक्तही जुळवून पाहावे. चौथा: किती विवाह कर्ज न काढता पार पडले. पाचवा: किती घरांतून दारू हद्दपार झाली. सहावा: किती वृद्ध व विधवा भगिनी एकट्या राहतात, आणि त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा तरी कोण जाते. सातवा: गावच्या तलावाची पाळ कशी आहे, गाळ निघाला काय, आणि शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचले काय. ती बांधी कोणत्याही जातीच्या माणसाची असो. आपला तलाव भरला आणि शेजाऱ्याची बांधी वाळली, तर त्यास आपल्या पूर्वजांनी उत्कर्ष म्हटले नसते.

चौथ्या रकान्याविषयी दोन शब्द अधिक बोलण्याची परवानगी असावी, कारण तो सर्वांत झोंबणारा आहे. आज ज्यांच्या मांडवाची आपण वर्णने करतो, ज्यांच्या पंगतीचे दोन हजार पान आपण कौतुकाने मोजतो, त्यांच्यातील कित्येकांचा सात-बारा सोसायटीकडे किंवा सावकाराकडे अडकलेला असतो. दोन दिवसांच्या वैभवासाठी पाच वर्षांचे धान जाते. त्यात मुलीचे शिक्षण थांबते, म्हाताऱ्याचे औषध थांबते. हे आपण सर्व जाणतो आणि सर्व गप्प बसतो, कारण आपल्या समाजात मान मोजण्याचे माप पंगत हे आहे. माप बदलल्यावाचून खर्च बदलणार नाही. उद्या जर ह्याच व्यासपीठावर, कर्ज न काढता साधेपणाने लग्न केलेल्या जोडप्यास अध्यक्षांच्या हस्ते श्रीफळ मिळू लागले, तर आम्ही खात्रीने सांगतो, पाच वर्षांत पंगती लहान होतील.

पहिल्या वर्षी आकडे चांगले येणार नाहीत. काही लोक म्हणतील, समाजाची नाचक्की झाली. त्यांना आम्ही गडचिरोलीच्या त्या सुइणीची आठवण देऊ, जिला साठापर्यंत मोजता येत नव्हते, परंतु जिने मणी सरकवून श्वास मोजले आणि बालक वाचविले. आपल्याला तर शंभरापर्यंत मोजता येते. आपल्यांत पदवीधर आहेत, लेखनिक आहेत, तलाठी आहेत, शिक्षक आहेत. आम्ही स्वतः ह्या कामासाठी आमच्या भागातली गावे फिरून रकाने भरून आणण्यास तयार आहो. आणखी दहा सेवानिवृत्त बंधू व दहा भगिनी मिळाल्या, तर पुढील अधिवेशनापूर्वी हे पान तयार होईल. ज्यांची इच्छा असेल त्यांनी सभा संपल्यावर चिटणीसांकडे नाव द्यावे. भगिनींनी अवश्य द्यावे, कारण सातांपैकी निदान पाच रकाने त्यांच्याच जिण्याचे आहेत, आणि त्यांच्याशी पुरुष मंडळीपेक्षा त्याच मोकळेपणी बोलू शकतील.

 मंडळाचा उत्तरोत्तर उत्कर्ष होवो, आणि तो सर्व मापांनी पुरा उतरो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.